आप्पांचे सोळा मुक्काम

कंपनीत नव्यानं आलेल्या साहेबानं एकदा आप्पांना फॉर्म भरायला दिला. घरापासून कंपनीचं अंतर किती, या रकान्यात आप्पांनी लिहिलं, ‘दोन मुक्काम’. साहेब बिचारा पुण्याचा. त्याला वाटलं, हा माणूस कामावर येताना वाटेत दोनदा झोपतो.

आप्पा न्हावऱ्याचे, मेंढपाळाच्या घरातले. मेंढरं कधीच विकली, कालव्याचं पाणी आलं, ऊस झाला, रांजणगावच्या कंपनीत प्रेस मशीनवर नोकरी लागली. पण डोक्यातली मोजपट्टी बदलली नाही. कळप दिवसभरात चालेल तो एक मुक्काम. दौंड तीन मुक्काम, पुणं सहा. कंपनीची बस दोन मुक्काम पाऊण तासात उरकते, याचा त्यांना रोज नव्यानं राग येतो. “कुनी मागं लागलंय का काय हिच्या?”

अशा माणसाबरोबर सहल ठरवायची म्हणजे काय, ते मला विचारा.

आम्ही तिघं. मी दत्ता, कंपनीच्या क्वालिटी खात्यातला, आप्पांच्याच बसचा. पोपट माझा मित्र, त्याची स्वतःची जीप. दसरा झाला, पाऊस सरला, ऊसतोडीला अजून वेळ आहे, अशा दिवसांत कोकणात फणसाडच्या अभयारण्यात जायचं, ही आप्पांचीच टूम. वर जंगल, खाली समुद्र. मला तिथं शेकरू बघायचं होतं, पोपटला पोटभर मासे खायचे होते. आप्पांना काय बघायचं होतं, ते कुणी विचारलंच नाही.

पहिल्या बैठकीत त्यांनी सोळा मुक्काम सांगितले.

“आप्पा, सहा-सात तासांचा रस्ता आहे,” पोपट म्हणाला.

“आन् पानी कुठं पाजायचं?”

“कुणाला?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “आपल्याला! आपुन काय मानसं न्हाई व्हय?”

गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आणि पुढं दोन रजा, एवढंच आमच्या हातात. भाजीबाजारात घासाघीस करावी तशी करून मी सोळाचा आकडा एकावर आणला. तरी निघताना आप्पा घोंगडं, काठी आणि चार दिवसांच्या भाकरी घेऊन हजर. पोपट म्हणाला, “मेंढरं तेवढी टपावर चढवू का?” वाटेत चहाला थांबलो की आप्पा आधी शेजारच्या रानाचा मालक शोधायचे. टेकू का म्हणून विचारल्याशिवाय बांधावर बूड टेकायचं नाही, ही त्यांची शिस्त. पोपटच्या जिवाचा नुसता तळतळाट!

एवढं करून पहिल्या वर्षी आम्ही ताम्हिणी घाटापर्यंत पोचलो आणि आप्पांच्या पोटात दुखायला लागलं. गाडी फिरवली. पुणं आलं तेव्हा त्यांनी दोन वडापाव खाल्ले. दुसऱ्या वर्षी त्याच जागी त्यांना आठवलं की विहिरीवरची मोटार चालूच राहिली.

“आप्पा, आपल्याकडं दिवसा लाईट असते का?”

“आली म्हंजी?”

गाडी फिरवली.

तिसऱ्या वर्षी घाट लागला आणि आप्पा म्हणाले, “पोपट, जरा कडंला घे.” माझं डोकंच फिरलं. एक तर रजा मिळवताना सुपरवायझरचे पाय धरायचे, वर ही नाटकं! मी खाली उतरलो आणि वयाचा मान बाजूला ठेवून म्हणालो, “आप्पा, आज खरं काय ते सांगा. नायतर तुमचं घोंगडं अन् तुम्ही बसा इथंच.”

आप्पा काठीनं माती उकरत राहिले.

“धा वर्साचा हुतो, दत्ता. तवा अभयारन्य बिभयारन्य न्हवतं, नुसतं रान. तिथं आमचा वाडा, म्हंजी मेंढरांचा तळ, पडला आन् मला ताप भरला. कळप काय थांबत न्हाई, चारा सरला की म्होरं. बानं मला एका घरी ठिवलं. ती बाई म्हैनाभर पेज पाजायची, रातंदीस उशाला. निघताना म्हनली, पुढल्या साली ये. म्या म्हनलं, येतू. आन् त्याच साली बानं मेंढरं इकली.”

“मग चला की आता!”

“चाळीस वर्सं झाली. ती नसंल तर? मी घाटाच्या हिकडं हाय, तवर ती हाय.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली मला स्वतःची. पोपट एरवी वायफळ बडबड्या, पण त्या दिवशी शहाण्यासारखं बोलला. “नसली तर उंबऱ्याला डोकं टेकवून येऊ, आप्पा. शब्द तर पुरा होईल.” आणि उत्तराची वाट न बघता त्यानं गाडी उताराला लावली.

जंगलाच्या कडेची वाडी आप्पांनी बरोबर ओळखली. पडवीत एक वाकलेली म्हातारी सुकट निवडत बसली होती. आप्पा काठी धरून अंगणातच उभे राहिले. शेवटी मीच म्हणालो, “आजी, हे लहानपणी तुमच्याकडं राहिले होते. मेंढरंवाल्यांचा पोरगा, ताप आलेला.”

तिनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग हात पुसला, आप्पांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि उलटा पंजा त्यांच्या गळ्याला लावला.

“उतरला कं रं?”

पन्नाशीचे, नातवंडं खेळवणारे आप्पा. “उतरला, आये,” म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले.

तिचा काही विश्वास बसला नाही. ती उठली आणि चुलीवर पेजेचं आधण ठेवायला आत गेली.