‘भयंकर’चा अर्थ पहिला

अर्थ ही शब्दाची कायमची नोकरी नव्हे. शब्दकोश कार्यालयाचा नियमच तसा आहे: एखादा अर्थ बोलण्यात आल्याची एकही चिठ्ठी वर्षभरात जमा झाली नाही, तर तो सन्मानपूर्वक वगळावा. (सन्मान म्हणजे लाल रेघ. पट्टी लावून.)

‘भ’च्या टेबलावरचे काका या नियमाचे भक्त होते. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांचं बोलणं कान देऊन ऐकलं, चिठ्ठ्यांवर उतरवलं आणि स्वतः शक्यतो तोंड उघडलं नाही. यंदा ‘भयंकर’च्या चारशे बारा चिठ्ठ्या जमल्या. भयंकर आवडले (पडदे), एकशे चाळीस. भयंकर गोड (बाळे, एके ठिकाणी चहा), सत्त्याण्णव. भयंकर शांत (नवे शेजारी), एकतीस. भयंकर सोपे, एक (दाताचे डॉक्टर). आणि अशाच बाकीच्या. फक्त ‘अर्थ पहिला: भीती वाटावी असा, उग्र’ या खणात शून्य. मुदत उद्या दुपारी बारापर्यंत. काकांनी तो खण पुन्हा एकदा चाचपून पाहिला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्थ होता तो.

खोटी चिठ्ठी भरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तेव्हा मार्ग एकच उरला: कुणाला तरी खरोखर घाबरवायचं. त्यांनी आरशासमोर सराव केला. आरशातला माणूस माफी मागून मोकळा झाला. मग त्यांनी बायकोवर डोळे वटारले.

‘अहो, भयंकर गोंडस दिसताय,’ ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. (चिठ्ठी क्रमांक चारशे तेरा.)

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला काका कार्यालयातल्या आपल्या खुर्चीवरून उठले, प्रमुख बाईंच्या टेबलावर मूठ आपटली आणि सव्वीस वर्षांची साठवलेली डरकाळी फोडली. पेल्यातलं पाणी उडालं. बाईंचा चष्मा नाकावरून ओघळला. टंकलेखिका थेट टेबलाखाली गेली. काका कोरी चिठ्ठी काढून, पेन्सिल सरसावून उभे राहिले.

टेबलाखालून थरथरता आवाज आला, ‘काका... भयंकर...’

‘हं, बोला, बोला. सावकाश,’ काका नेहमीच्या आवाजात म्हणाले.

‘भयंकर मजा आली. परत करा ना.’

बाईंनी चष्मा पुसला आणि हा कार्यक्रम दर शुक्रवारी व्हावा, अशी लेखी सूचना काढली. बाराच्या ठोक्याला काकांनी पट्टी लावली. रेघ सरळ आली.

ही गोष्ट वाचून तुम्ही काय म्हणाल, याची काकांना खात्री आहे. चिठ्ठी क्रमांक चारशे पंधरा त्यांनी आधीच भरून ठेवली आहे. ‘भयंकर’च्या पुढे ‘आवडली’ की ‘कंटाळवाणी’, एवढीच जागा मोकळी आहे.