साडूचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझा स्क्रूड्रायव्हर

रेडिओ दुरुस्तीत आपल्याला तोड नाही! हे मी नाही, माझ्या दुकानाची पाटी म्हणते. पाटी मीच रंगवली, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे दिवंगत सासऱ्यांच्या आवाजाची जुनी टेप ऐकायला सासूबाईंनी माझ्या धाकट्या साडूचा अ‍ॅम्प्लिफायर मागवला, तेव्हा माझा तिळपापड झाला. साडू विमा कचेरीतला कारकून! पुस्तकं वाचून ट्रान्झिस्टर जोडतो! आणि आमची ही म्हणते, "किती हुशार आहेत हो!" माझ्याबद्दल असं वीस वर्षांत एकदाही नाही!

टेप लावली. सासरे घसा बसल्यासारखे चिरकू लागले. सासूबाईंचा चेहरा उतरला. "हा त्यांचा आवाज नव्हे," त्या हळूच म्हणाल्या.

साडूला घाम फुटला. "बायसिंग, म्हणजे ट्रान्झिस्टरला द्यायच्या करंटचं गणित, चुकलंय. त्याच्या कलेक्टरमधून करंट जास्त वाहतोय, म्हणून आवाज फाटतोय. थांबा, गाडीतून मीटर आणतो."

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या! पण मीटर आणून यानं दुरुस्त केलं तर? ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये शिरणारा करंट कमीजास्त करणारा छोटा स्क्रू समोरच होता. उजवीकडे फिरवला की करंट आणखी वाढणार, ट्रान्झिस्टर पार तुंबणार, आवाज बंद! मी इकडेतिकडे पाहून अर्धा फेरा दिला.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" सासरे खणखणीत आवाजात विचारते झाले!

सासूबाई रडता रडता हसल्या. "हेच! अगदी हेच!" मग आत येणाऱ्या साडूकडे वळल्या, "जावई असावा तर असा!"

आता मात्र माझ्यानं राहवेना. "स्क्रू मी फिरवला! उजवीकडे अर्धा फेरा, झालं काम!"

"अहो, तुम्ही?" हिचे डोळे चमकले. "किती हुशार हो!"

वीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली! साडूनं मीटर लावला. "कलेक्टरवर नऊपैकी साडेचार व्होल्ट, अगदी निम्मे, हवे तेवढेच! पण दादा, स्क्रू माझ्याकडून उलटा जोडला गेलाय, उजवीकडे फिरवला की करंट कमी होतो. हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"उलटा? तरीच बंद पडला नाही!"

बोललो आणि जीभ चावली. हिचा चेहरा असा काही झाला की मी थेट पंख्याकडे बघू लागलो.

"जाऊ द्या," साडू हसून म्हणाला. "आईंना आवाज ऐकायला मिळाला ना! पुढचा अ‍ॅम्प्लिफायर आपण दोघं मिळून करू."

माणूस मनानंही मोठा निघाला! आता या मोठेपणाचाही हेवा करायचा, म्हणजे माझं काम वाढलंच की!