चुन्याचं घर

"दहा ते पाच. कोणीही रेघ ओलांडायची नाही. ये-जा फक्त दारातून," मैत्रेयीने चुन्याचा डबा खाली ठेवत सांगितलं.

"दार कुठं आहे?" रजनीबाईंनी विचारलं.

"जिथे रेघ सोडली आहे तिथे दार."

कडुनिंबाखाली उभी असलेली मंडळी मोकळ्या प्लॉटकडे पाहू लागली. जमिनीवर पांढऱ्या रेघांची चौकोनी घरं होती. भिंत, छप्पर, दार यांतलं काहीच नव्हतं.

नकाशा कोणालाच कळत नव्हता, ही खरी अडचण. मैत्रेयीने तो तीनदा समजावून सांगितला होता. कमलाकर महिनाभर तो उलटा धरून "छान आहे, छान आहे" म्हणत होते. देवीलालने "यात माणूसच नाई" म्हणून तो परत केला होता. मग तिने अख्खं घरच जमिनीवर आखलं. कागदावर एक इंच तिथे इथे आठ फूट.

मैत्रेयीचे वडील भीमराज, कमलाकर आणि देवीलाल हे यवतमाळच्या एकाच जिनिंगमधले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातले, सोबती. भीमराज फिटर, कमलाकर कारकून, देवीलाल रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर. दोन हजार सहा सालच्या त्या दिवसांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. जिनिंग बंद पडली आणि तिच्या आवाराचे प्लॉट पडले. त्यातला पन्नास बाय साठचा एक तिघांनी मिळून घेतला. काटेरी बाभळींवर जुनी रुई अजून लटकलेली होती.

देवीलालचं म्हणणं साधं होतं. "तीन पट्टे पाडा. मले दुसऱ्याच्या भिंतीले टेकून राहायचं नाई."

पट्टे पाडले तर प्रत्येकाला सोळा फूट रुंदीचा बोगदा मिळणार होता. मधल्या खोलीत भरदिवसा दिवा लागला असता. कडुनिंब तोडावा लागला असता आणि प्लॉटमधली जुनी विहीर बुजवावी लागली असती. मैत्रेयीने तीन घरं एका चौकाभोवती बसवली. खाली दोन, वर एक, आणि पुढे मुलांसाठी आणखी दोन चढवता येतील अशी सोय. भिंती आतून पोकळ, म्हणजे मे महिन्यातही घर गार राहील. छपराचं पाणी विहिरीत. नागपूरहून शिकून आल्यावरचं तिचं हे पहिलंच घर. सोमवारी नकाशा नगरपालिकेत द्यायचा होता आणि त्यावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. पाच वाजता प्रत्येकाने हो किंवा नाही सांगायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी पट्टे पडणार.

"मी इथे थांबले तर तुम्ही माझ्याकडे बघून वागाल," असं म्हणून ती निघून गेली.

पहिला तास हसण्यात गेला. देवीलाल सवयीने सरळ चालत निघाला तशा कमलाकरांच्या पत्नी रजनीबाई ओरडल्या, "अहो भाऊजी, माझ्या मोरीतून काय चाललात!"

"मोरी? मले तं माती दिसून राह्यली."

"मी आंघोळीला बसले असते म्हणजे?"

देवीलाल कानापर्यंत लाल झाला आणि वळसा घालून गेला. त्यानंतर त्याने एकदाही रेघ ओलांडली नाही.

वरचा मजला वर आखता येत नाही, म्हणून मैत्रेयीने तो शेजारीच आखला होता आणि जिन्यासाठी चुन्याचे सतरा पट्टे मारले होते. कमलाकर सपाट जमिनीवरून एकेक पायरी मोजत गेले. बाराव्या पायरीला थांबले, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकू लागले.

"काय झालं?" खालून भीमराजने विचारलं. खालून म्हणजे चार हातांवरून.

"जिना उभा आहे हो फार. कठडा पाहिजे."

बारा वाजले. वारा पडला. मग एक गोष्ट हळूच घडली, कोणाच्या लक्षातही आली नाही. सगळे हळू बोलू लागले. देवीलालची बायको मोतीबाई त्याच्याशी भांडत होती, पण कुजबुजत. शेजारी ऐकू जाईल ना! तीन हातांवर बसलेल्या भीमराजने मान खाली घातली आणि खरोखरच काही ऐकू येत नसल्यासारखं पेपर वाचू लागला. थोड्या वेळाने त्याला खरोखरच काही ऐकू येईना. मोतीबाईचे ओठ हलत होते एवढंच.

जेवण झाल्यावर देवीलालला झोप लागली. बसल्या बसल्या, पाय लांब करून. त्याची पाठ भीमराजच्या बाजूच्या रेघेला टेकलेली होती. मागे भिंत नव्हती. मोतीबाईने ते पाहिलं, त्याला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. उठवला तर पडेल, असं तिला वाटलं.

एव्हाना रस्त्यावर लोक जमले होते. त्यांना जे दिसत होतं ते असं: भर उन्हात मोकळ्या मैदानात सहा माणसं. कोणी हवेवर टकटक करतं, थांबतं, मग आत जातं. कोणी सरळ जायचं सोडून काटकोनात वळतं. एक माणूस कशालाही न टेकता टेकून झोपला आहे.

"बंद जिनिंगमधले आहेत म्हणते," एकाने सायकल थांबवून सांगितलं.

"जित्ते आहेत का पण?" दुसऱ्याने विचारलं.

एका बाईने लिंबू उतरवून प्लॉटच्या कडेला ठेवलं. ते पाहून भीमराजचं डोकं फिरलं. आयुष्यभर त्याने भूत-भानामतीविरुद्ध भाषणं दिली होती. तो ताडकन उठला, खोलीभर फिरून दारापर्यंत गेला, बाहेर पडला, दार मागे ओढून घेतलं, चौकातून फाटकात आला आणि तिथूनच ओरडला, "बाई, काहून लिंबू ठेवता? इथं काहीच नाई! डोळे उघडून पाहा, काही आहे का इथं?"

गर्दी दोन पावलं मागे सरकली. चार जणांनी हात जोडले.

भीमराज कपाळावर हात मारून दारापाशी परत आला, तर त्याचं घर बंद झालेलं. दाराच्या जागी ताजी पांढरी रेघ. त्याने फाटकाकडे पाहिलं. तिथे त्याची म्हातारी आई तुळसाबाई चुन्याचा डबा घेऊन वाकली होती आणि शेवटची चिमूट सोडत होती.

"माय, काय केलं हे?"

"पोरीचा हात जागोजाग सुटला होता रे," तुळसाबाई कंबर धरून उभी राहिली. "रांगोळी अशी तुटकी ठेवतेत का कोणी? समदी जोडून टाकली."

"अवं, ते दारं होते!"

म्हातारीने मान वळवून सगळीकडे पाहिलं. देवीलालचं दार, जिन्याचं तोंड, मोरीची वाट. एकही फट राहिली नव्हती. तिची स्वतःचीसुद्धा.

"आता ग बाप्पा," ती हळूच म्हणाली.

"पायाने पुसा की!" वरून कमलाकर म्हणाले. आवाज जरा चिरकला होता.

भीमराज वाकला. हात जिन्याच्या तोंडावरच्या रेघेवर नेला. हात तिथेच राहिला.

"काय झालं?"

"दुसऱ्याची भिंत कशी फोडू? अन् विटा पडल्या म्हणजे?"

कोणी हसलं नाही. कमलाकरांनी स्वतः एक पाय उचलून रेघेपलीकडे न्यायचा प्रयत्न केला आणि बगळ्यासारखे तसेच उभे राहिले. मग पाय परत आत ठेवला. रजनीबाईंनी पदराने वारा घेत म्हटलं, "खिडकी तरी मोठी ठेवायची होती पोरीने. किती कोंडतंय!" मोकळ्या माळावर त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

देवीलाल जागा झाला. "याडी," त्याने तुळसाबाईला हाक मारली. त्याच्या बंजारा घरच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. "भिऊ नको. पोरगी येईन."

साडेचारला मैत्रेयी आली. गर्दीतून वाट काढत पुढे झाली आणि थबकली. सहाही जण आपापल्या रेघेच्या आत उभे होते.

"बेटा, आधी दार दे," भीमराज म्हणाला.

तिने गुडघ्यावर बसून तळहाताने आधी फाटक पुसलं, मग बापाचं दार, जिन्याचं तोंड, देवीलालचं दार. कमलाकर सतरा पायऱ्या उतरले आणि खाली आल्या आल्या म्हणाले, "माझं हो. कठडा धरून हो." त्यांनी कडुनिंबाखाली सही केली. भीमराजनेही केली.

देवीलाल बाहेर आला नाही.

"काका, दार उघडलंय. पाच वाजले."

"माझं नाई आहे."

मैत्रेयीने विचारलं, "घर आवडलं नाही?"

"आवडलं, म्हणून तं नाई. उद्या तू पाया खोदशीन. म्हणजे हे घर पाडशीन ना?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. आत मोतीबाई कोपरा झाडत होती.

"पाडणार नाही काका," ती सावकाश म्हणाली. लहान मुलाला गणित सांगावं तशी. "याच रेघांवर भिंती चढतील. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही."

"अन् तोवर आम्ही?"

"तुम्ही आतच असाल."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपणही चेष्टा केलेली नाही.

देवीलालने मान हलवली. "कागद दे. दाराखालून सरकव, मोतीने आत्ताच झाडलं आहे."

मैत्रेयीने वाकून कागद आणि पेन आत सरकवलं. देवीलाल मांडी घालून बसला आणि त्याने रस्त्याकडे पाहिलं. शंभर-दीडशे डोळे त्याच्या हाताकडे लागले होते.

"सही करतानी लोक घरात पाहून राह्यले," तो कुरकुरला.

"थांबा," मोतीबाई म्हणाली. तिने हात उंच केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा ओढला.

"आता काय दिसते? चला," सायकलवाला म्हणाला. लोक पांगू लागले. लिंबूवाल्या बाईने दोनदा मान उंचावून पाहिलं आणि तीही गेली.

मैत्रेयी दारापासून दोन हातांवर उभी होती. आत काय चाललं आहे ते तिलाही दिसेना. तिने कान दिला. नुसती शांतता होती. आत जावं की हाक मारावी, तिला कळेना. शेवटी तिने बोट वाकवलं आणि टकटक केली.

थोड्या वेळाने दाराखालून कागद सरकत बाहेर आला. सही झालेली होती.