मंजूर वीस हजार, मिळाले शून्य

पेंटर दीडशे रुपये मागतो म्हटल्यावर गयाबाईने बोर्ड रंगवायचं काम नवऱ्यावर सोपवलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

कचरू इंगळे बावीस वर्षं मिलमध्ये कापडाच्या गठ्ठ्यांवर ब्रशने आकडे टाकत होता. नग किती, मीटर किती. दोन वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, मिल बंद पडली. आकडे टाकायला गठ्ठे उरले नाहीत, पण हात तसाच सरळ राहिला, आणि स्वभाव हाताहून सरळ. गयाबाई हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. ज्यांच्या घरचा पगार बंद झाला होता अशा तेरा बायका गोळा करून तिने पुढच्या खोलीत शिवणकेंद्र काढलं. मल्हारगंजच्या लक्ष्मीकांत शेटच्या दुकानातून सहा मशिनी हप्त्यांवर आणल्या. एका शाळेचे तीनशे युनिफॉर्म शिवायला मिळाले. पण मशिनींचे दोन हप्ते थकले होते आणि शेटने बजावून ठेवलं होतं, "गयाबाई, तीस तारखेपर्यंत पैसे नाही आले तो मशिनी उठवून नेणार. दुकान आहे माझं, धर्मशाळा नाही."

सगळी भिस्त सरकारी अनुदानावर होती. वीस हजार मंजूर झाले होते. चेक निघायला एकच अट होती, कुणी काय दिलं त्याचा बोर्ड केंद्राबाहेर लावायचा आणि त्याचा फोटो ऑफिसात द्यायचा. पत्रात लिहिलं होतं, 'प्राप्त समस्त अनुदान एवं अंशदान, दाता के नाम सहित, सार्वजनिक रूप से प्रदर्शित किया जाए.'

कचरूने पत्र तीनदा वाचलं.

"समस्त म्हणजे?"

"सगळं," गयाबाई काजं करता करता म्हणाली.

"मग सगळंच लिहितो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड लागला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, फूटपट्टी लावल्यासारख्या ओळी. पोहे घ्यायला निघालेली माणसं हातात रिकामा डबा घेऊन तिथेच थांबली.

शासकीय अनुदान : मंजूर २०,०००. मिळाले ०.
मानसी गायकवाड : दोऱ्याची रिळं ४.
लीलाताई, रिटायर मास्तरीण : कात्री १, पंखा १ (चालत नाही).
लक्ष्मीकांत शेट : उद्घाटनाला जाहीर ५०१. मिळाले ०.

गर्दी का जमली ते बघायला गयाबाई बाहेर आली, वाचलं आणि तिने दाराची चौकट धरली.

"अहो, हे काय करून ठेवलं! पंखा चालत नाही हे पण लिहायचं असतं का?"

"चालत नाही ना पण."

"आणि शेटचं? ज्याच्या मशिनीवर बसलोय त्याचीच इज्जत चौराहे पे?"

"गया, गठ्ठ्यावर जे लिहिलं ते आत निघालं पाहिजे. बावीस वर्षांत माझा एक गठ्ठा वापस नाही आला."

दुपारी शेट स्कूटरवरून आला. त्याच्या दुकानात सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी खरेदी बाजूला ठेवून पाचशे एकची चौकशी केली होती.

"कचरू भिया, हे काय लफडं आहे? अरे, मी भूललो होतो! भूलणं वेगळं, बेइमानी वेगळी!"

"मी बेइमानी कुठे लिहिलं, शेटजी? शून्य लिहिलं."

"मिटवून टाक. नाहीतर मशिनी आज के आज उचलतो!"

आतल्या सहाही मशिनी एकदम थांबल्या. तेरा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आत दीडशे युनिफॉर्म अजून नुसते कापून पडले होते. कचरूने मात्र ब्रश रंगात बुडवला आणि तो शेटकडे बघत शांतपणे उभा राहिला. शेटने बायकांकडे पाहिलं, मागे जमलेल्या गल्लीकडे पाहिलं, आणि खिशातून पाकीट काढलं.

कचरूने शून्य पुसलं, ५०१ लिहिलं, खाली तारीख टाकली. शेटने ते दोनदा वाचलं. राग जरा उतरला.

"'स्वखुशीने' लिहायला जागा नाही का रे?"

"जागा आहे शेटजी," कचरू म्हणाला, "खुशी दिसली नाही."

दोन दिवसांत गल्लीत चमत्कार झाला. ज्यांनी कबूल केलं होतं ते येऊन देऊन गेले. ज्यांनी कधी काही कबूल केलं नव्हतं त्यातला एक जण इलॅस्टिकचं बंडल ठेवून गेला. लीलाताई स्वतः मिस्त्री घेऊन आल्या, पंखा सुरू करून दाखवला आणि कंस पुसल्याशिवाय हलल्या नाहीत. बोर्डला खाली एक फळी जोडावी लागली. पहिली ओळ मात्र होती तशीच होती. गयाबाईने फोटो काढवून ऑफिसात दिला, आणि दुसऱ्याच सकाळी दारात जीप उभी राहिली.

जीपमधून अनुदानाच्या ऑफिसातले आपटेसाहेब उतरले. हातात तोच फोटो.

"इंगळेजी, ये क्या है? हा फोटो वर जातो. वर! तिथे 'मिळाले शून्य' वाचून काय वाटेल?"

"शून्यच वाटेल, साहेब."

"अहो, तिथे वीस हजार लिहा. सगळ्या संस्था तसंच लिहितात. फोटो लागला की चेक निघतो."

"चेक आला की लिहितो."

"पण बोर्डवर 'मिळाले' असल्याशिवाय चेक निघत नाही!"

"आणि मिळाल्याशिवाय मी लिहीत नाही."

आपटेसाहेब माणूस वाईट नव्हते. अकरा वर्षांत त्यांच्या टेबलावरून शेकडो फोटो गेले होते आणि ही अडचण कुणी काढलीच नव्हती. ते रुमालाने मान पुसू लागले. गयाबाईने चहा आणला.

"रागावू नका, साहेब. यांचा हात खोटं लिहायला वळतच नाही. राशनकार्डावर माझं वय दोन वर्षं कम लिहा म्हटलं, तर तीन महिने फॉर्मच नाही भरला."

"बरं, निदान ते शून्य तरी काढा हो!"

"काही आलं तर जाईल," कचरू म्हणाला.

आपटेसाहेबांनी वैतागून खिशात हात घातला. अकरा रुपये निघाले.

"हे घ्या! आलं! आता काढा!"

कचरूने पैसे घेतले, पावती फाडली.

"हे सरकारचे की तुमचे?"

"माझेच हो! सरकार माझ्या खिशात कुठून येणार?" साहेब बोलून गेले. मग सोबत आणलेल्या फोटोवाल्याला "लगेच काढ आणि ऑफिसात आणून दे" असं सांगून ते घाईघाईत जीपमध्ये बसले.

कचरूने पहिल्या ओळीला हात लावला नाही. फळीवर नवी ओळ घातली, 'शरद आपटे, अनुदान विभाग : ११.' रंग ओला असतानाच फोटो निघाला, आणि गडबडीत कुणी न वाचताच तो वर गेला.

वर काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. सरकारचं शून्य, त्याच्याखाली चालणारा पंखा, आणि तळाशी आपल्याच माणसाने खिशातून दिलेले अकरा रुपये, एवढं मात्र तिथे नीट वाचलं गेलं असावं. कारण अठ्ठावीस तारखेला आपटेसाहेब स्वतः चेक घेऊन आले. गयाबाईने चेक उजेडात धरला. एकोणीस हजार नऊशे एकोणनव्वद.

"साहेब, अकरा कम आहेत."

आपटेसाहेबांनी मान खाली घातली. "अकाउंट्सवाले म्हणाले, विभागाकडून अकरा रुपये आधीच प्राप्त झालेले बोर्डवर दिसतायत. दोनदा कसे देणार?"

गयाबाईने तोंडाला पदर लावला. आतून तेरा बायकांचं हसू फुटलं. कचरू हसला नाही. त्याने पहिल्या ओळीतलं शून्य पुसलं आणि १९,९८९ लिहिलं, एकेक आकडा सारख्या उंचीचा. हप्ते वेळेवर फिटले, मशिनी जागच्या जागी राहिल्या, आणि शाळा उघडायच्या आधी तीनशे युनिफॉर्म पोचले.

त्यानंतरच्या रविवारी आपटेसाहेब पत्नीला, नंदिनीबाईंना, स्कूटरवर घेऊन खजरान्याच्या गणपतीला निघाले होते. ही गल्ली त्या रस्त्यात अजिबात येत नाही. तरी स्कूटर बोर्डसमोर थांबली.

"ते बघ. खालच्या फळीवर."

नंदिनीबाईंनी चष्मा लावून बोर्ड वरपासून वाचत आणला. रिळं, कात्री, पंखा, शेटचे पाचशे एक, इलॅस्टिकचं बंडल. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या.

"अकराच?"

आपटेसाहेबांनी खिशात हात घालत दारातल्या कचरूकडे पाहिलं. कचरूने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं होतं.