सदूच्या मागल्या दारचा नेचा

बॉयलरपुढे उभं राहून सदूच्या अंगाचं पार भरीत झालं होतं. म्हणून कारखान्याच्या साहेबांचा म्हातारा माळी काम सोडणार असं कानावर येताच तो थेट खोपोलीच्या बंगल्यावर गेला. साहेबांनी व्हरांड्यातली रिकामी कुंडी दाखवली. "तुमच्याच घाटातलं झाड, नेचा. पण इथे कुणाच्या हाताला गुण नाही. घरी एक लावून उन्हाळाभर जगवून दाखव, माळ्याची जागा तुझी. आणि पाणी ओतू नकोस, शिंपडत जा."

सदूने घाटातल्या ओहळाकाठचा नेचा मुळांच्या मातीसकट आणला. घरामागे फणसाखाली, जिथे ऊन कधी फिरकत नसे, तिथे लावला. मुळं गार राहावीत म्हणून ओहळातलाच एक काळा गोटा शेजारी रोवला. रोज आंघोळ झाली की ओल्या पंच्यानेच तो तांब्या घेऊन नेच्यापुढे बसे आणि बोटांनी पाणी शिंपडे. याची वाच्यता मात्र त्याने कुठे केली नाही. आळीतले निम्मे लोक त्याच कारखान्यात होते आणि त्यांतल्या गजाचाही माळ्याच्या जागेवर डोळा होता.

शेजारच्या मोतीबाईने एकदा कुंपणावरून मान वर काढली. "काय करतोस रं सदू?"

"काय नाय आत्या."

"काय नाय कसं? वल्या पंच्यानं बसलायस, पानी शिपतोस."

"आपलं असंच."

असंच म्हणून कुणी ओलेत्याने दगडापुढे बसत नाही, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन-चार दिवसांत गोट्यावर शेंदूर दिसला. सदूने तो धुतला, तर दुसऱ्या दिवशी त्याहून जाड थर. तेवढ्यात मोतीबाईची चुकलेली म्हैस आपल्या पायांनी घरी आली आणि गोट्यापुढे पहिला नारळ फुटला. मग काय, कुणाच्या पोराचा ताप उतरला, कुणाची रुसलेली सून माहेरून परतली, सगळं त्या गोट्याच्या खात्यावर. आणि जाताना प्रत्येक जण प्रसाद म्हणून नेच्याचं एकेक पान खुडून नेई. कुणी पाळण्याला बांधी, कुणी तांदळाच्या कणगीत ठेवी.

सदू काकुळतीला आला. "अरे बाबांनो, हे रानातलं झाड हाय. साहेबाच्या कुंडीत लावायचं हाय."

लोक माना डोलावत. "ज्याला पावतो, त्यानं असंच बोलायचं असतं," मोतीबाई सगळ्यांना समजावून सांगे.

त्याने भोवती काट्यांचं कुंपण घातलं. देवस्थानाला आवार झालं म्हणून लोकांनी तिथे घंटा बांधली. तो कोरड्या कपड्यांत पाणी शिंपडू लागला, तर देव कोपेल या भीतीने नारळ दुप्पट झाले. आता दाद तरी कुणाकडे मागायची, देवाकडे? सदूची अन्नावरची वासना उडाली.

वैशाखात नेच्यावर एकच पान उरलं, तेही समईच्या धगीने कडेला करपलेलं. नेमके त्याच दिवशी साहेब जीपने आले. मागल्या दारी येताच ड्रायव्हरने चपला काढल्या. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं.

"नेचा कुठे आहे?"

सदूने तोंड उघडण्याआधीच मोतीबाईने ते शेवटचं पान खुडून साहेबांच्या हातावर ठेवलं. "घ्या साहेब, खिशात ठेवा. कामं होतात."

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. माळ्याची जागा गजाला मिळाली. साहेबांनी त्यालाही तेच सांगितलं होतं. त्याने नेचा उकिरड्यामागे लावला होता, तिकडे कुणी नवस बोलायला गेलं नाही.

संध्याकाळी सदू ओट्यावर डोक्याला हात लावून बसला होता. "पयला शेंदूर ज्यानं लावला ना, तो गावला तर त्याला बॉयलरात घालीन."

भाकरी थापणारी त्याची बायको सोनाबाई थांबली. "घाला मंग."

"म्हंजे?"

"तुमी रोज घामानं भिजून येता, बघवत नाय. मोतीआत्या म्हनली तितं देव हाय. म्हनून मी नवस केला, ह्यांना सावलीतलं काम मिळू दे."

सदूला ओरडावंसंही वाटलं आणि रडावंसंही. त्यातलं काहीच जमेना. तिने पुढे केलेली भाकरी तो खाऊ लागला.

सकाळी पाळीला निघण्याआधी तो सवयीने तांब्या घेऊन मागे गेला. नेच्याच्या जागी नुसती माती होती. गोटा मात्र फणसाखाली गारव्यात बसला होता, अंगावर शेंदूर आणि पुढ्यात ताजा नारळ. सावलीतलं काम शेवटी त्यालाच मिळालं होतं.