लाल रंगाचा जाणकार

बिटाच्या लाल रंगातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. कामच ते होतं माझं! बिटातून रंग काढायचा, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या ब्लड कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि काय होतं ते बघायचं. त्या आठवड्यात पेशी भराभर मेल्या. मी तरंगतच घरी आलो आणि जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं.

बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे माणसाचा आजार बरा होतो असं नव्हे, हे सांगेपर्यंत सासरे पिशवी घेऊन भाजीबाजारात पोचले होते. त्यांना काही झालं नव्हतं, पण होऊ नये म्हणून घरात बीट सुरू झालं. सकाळी रस, दुपारी काप, रात्री सूप. जावयाच्या शोधाचा मान राखायला नको?

रविवारी सासरे बाथरूममधून पांढरेफटक होऊन बाहेर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, लघवीतून रक्त जातंय. बायकांना कळू देऊ नका."

मी लगेच बायकोला सांगितलं. तिने सासूबाईंना सांगितलं. त्या रडायला लागल्या. मेव्हणा परगावाहून निघाला. सासऱ्यांनी खिडकीजवळची आपली खुर्ची माझ्या नावे केली.

डॉक्टरांकडे निघण्याआधी मी बाथरूमला जाऊन आलो आणि मलाच दरदरून घाम फुटला. माझंही तेच! हा रोग साथीचा आहे, असं मी घरात जाहीर केलं. मग सगळेच नाकाला रुमाल बांधून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, काल काय खाल्लंत? बीट, सासरे म्हणाले. आणि परवा? बीटच. त्यांनी खात्रीसाठी तपासणी केली. रक्ताचा थेंबही नव्हता. काहीजणांच्या अंगातून बिटाचा रंग तसाच बाहेर पडतो म्हणे.

"आणि तुम्ही काय करता?" त्यांनी मला विचारलं. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघू लागलो.

"बिटाच्या रंगावर संशोधन करतात," सासऱ्यांनी अभिमानाने सांगितलं.

परतताना गाडीत सगळ्यांनी नाकावरचे रुमाल सोडले. घर जवळ आल्यावर सासरे खाकरले.

"जावईबापू, त्या पेशी नक्की मेल्या होत्या ना?"

सोमवारी मी जरा लवकरच प्रयोगशाळेत गेलो.