खोलीच्या मधोमध कुसुमताई

कुसुमताई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या, चारही भिंतींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हॉल. नाव इथे येईल."

मुलांनो, तुमच्या आईच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही कल्याणला गेलो, तेव्हाही त्यांनी हेच केलं. होणाऱ्या विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन थबकल्या. "काही हरवलं का?"

"नाही हो. तुमचं टीपॉय नावाच्या जागी आलंय."

मी पदराने तोंड पुसत राहिले. तरीही लग्न जमलं, म्हणून तुम्ही आहात.

कुसुमताई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न झालं नव्हतं. अंबरनाथला कारखान्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आमच्याबरोबर राहायच्या आणि उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, कापडाच्या दुकानावर असलेल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. खोलीचं नाव मधोमध हवं, त्याखाली मापं जरा बारीक अक्षरात, आणि दोन्हींनी भिंतीला किंवा दाराला शिवता कामा नये, हा त्यांचा धर्म. शिवलं तर म्हणायच्या, "खोली गुदमरते हो."

नव्वदनंतर कधीतरी ऑफिसात कॉम्प्युटर आला. बाकीचे बिचकले. कुसुमताई हरखल्या. कागदावर नाव चुकलं तर ब्लेडने खरवडावं लागायचं, आता ते उचलून हलवता येणार! पण पहिल्याच मोठ्या नकाशात अक्षरांची उंची सांगताना गल्लत झाली. नकाशा छापून आला, तेव्हा 'टॉयलेट' हा शब्द संडासातून निघून, स्वयंपाकघर आणि हॉल ओलांडून शेजारच्या फ्लॅटमध्ये पोचला होता.

"पूरा मकान टॉयलेट हो गया, बहन!" त्यांचे सिंधी साहेब ओरडले. "पार्टी को क्या दिखाऊँ?"

त्या रात्री कुसुमताई जेवल्या नाहीत. पुढे मात्र त्या अक्षरांवर असा हात बसला, की नवीन मुलं त्यांनाच विचारायची. साहेब घाई करायचे, "अरे, नाम ही तो है, कहीं भी डाल दो." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "नाम डालने का नहीं साहेब, रखने का."

मी इंग्रजी शाळेतली शिक्षिका. चार लोकांत मान होता. आणि शेजारच्या बाई जिन्यात गाठून विचारायच्या, "मॅडम, तुमच्या नणंदबाई काल आमच्या मोरीत का उभ्या होत्या?" मी मान खाली घालून किल्ली शोधायचे.

मग आजोबांची निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडावं लागणार होतं, म्हणून आम्ही बदलापूरला छोटा प्लॉट घेतला. घराचा नकाशा अर्थातच कुसुमताईंनी काढला. त्यांनी तो पलंगावर पसरला. हॉल, किचन, बेडरूम, सगळी नावं ऐसपैस बसलेली. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. तिच्यात लिहिलं होतं, स्टोअर.

आजोबा वाकून बघायला लागले. "स्टोअरला एवढी मोठी खिडकी?"

"सामानाला हवा लागते, दादा."

"पूर्वेला?"

"धान्याला सकाळचं ऊन चांगलं."

"आणि दिव्याचं बटण इतकं खाली, कोपऱ्यात? गोण्या काय आडव्या पडून वाचतात?"

कुसुमताई नकाशा गुंडाळायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. क्वार्टर सुटल्यावर त्या कुठे राहणार, हे आमच्या घरात कुणी बोललंच नव्हतं. त्या येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, पण त्यांना तसं कुणी म्हणालं नव्हतं. विचारायची त्यांना लाज वाटली. म्हणून त्यांनी स्वतःसाठी खोली काढली आणि तिला सामानाचं नाव दिलं.

"कुसुमताई, खरं नाव घाला," मी म्हणाले. माझाच आवाज मला चोरटा वाटला.

"काय घालू, वहिनी? कुसुम घातलं तर ऑफिसात हसतील. गेस्टरूम म्हटलं तर मी पाहुणी."

"बेडरूम घाल," आजोबा म्हणाले. "लोकांकडे दोन असतात."

"बेडरूममध्ये दोन माणसं धरतात, दादा."

"धरू देत की!"

त्यांनी गुंडाळलेला नकाशा पुन्हा पलंगावर पसरला. मला वाटलं, आता अक्षरांच्या उंचीचं काहीतरी काढतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "मग ऑफिसातली सुशीला एखाद्या शनिवारी राहायला आली, तर चालेल?"

सुशीला त्यांची नोकरी लागल्यापासूनची मैत्रीण. विठ्ठलवाडीला एकटीच राहायची. कितीदा तरी आमच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि दोघी तिथेच उभ्या उभ्या तासभर बोलायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, काय ही माणूसघाणी बाई, मैत्रिणीला साधं घरातसुद्धा बोलावत नाही.